वेल्ह्याची भोगी

वेल्ह्यात बाजरी पिकत नाही. पुणे जिल्ह्यातल्या तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. एवढ्या पाण्यात खाचरातला भात उभा राहतो, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई तग धरतात, बाजरी मात्र कुजून जाते. तरीही दरवर्षी १३ जानेवारीला, कधी १४ ला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी इथल्या बहुतेक घरांत चुलीवर तीळ लावलेली बाजरीची भाकरी भाजली जाते. एरवी वर्षभर तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी खाणाऱ्या घरात त्या एका दिवसासाठी बाजरीचे पीठ आणले जाते. त्या दिवसाचे नाव भोगी.

आपल्या शेतात न होणारे धान्य एखाद्या गावाच्या सणाच्या ताटात कसे येऊन बसते, हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. त्याच्या उत्तरात डोंगरघाटांच्या वाटा आहेत, दोन धरणे आहेत, कुंभाराचे चाक आहे आणि पंचांगाचा एक जुना वादही आहे.

आधी भोगीचा दिवस पाहू. 'भोगी' हा शब्द भोगावरून आला, म्हणजे उपभोगावरून. उपवासाच्या आणि सोवळ्याच्या सणांनी भरलेल्या मराठी वर्षात हा दिवस उघडपणे खाण्याचा आहे. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण त्याचेच सांगणे. सकाळी घर झाडून-सारवून घ्यायचे, वाटलेले तीळ अंगाला लावून किंवा पाण्यात टाकून डोक्यावरून नहायचे, देवापुढे नैवेद्य ठेवायचा आणि मग ताटावर बसायचे. ताटात तीळ लावलेली भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, तिळाची चटणी आणि या सगळ्यांच्या मध्यभागी भोगीची भाजी. शहरात तिला 'मिक्स भाजी' म्हणण्यापर्यंत मजल गेली आहे. पुणे-सातारा-सांगलीच्या खेड्यांत तिचे नाव 'खेंगट'. काही घरांत 'लेकुरवाळी भाजी' म्हणतात. शेंगेच्या पोटातले दाणे, वांग्याच्या पोटातल्या बिया, लेकरे कडेवर घेऊन बसलेल्या बाईसारखी ती भाजी दिसते, म्हणून हे नाव. ज्याने कोणी ते पहिल्यांदा वापरले, त्याची नजर चांगली होती.

खेंगटात काय घालायचे, याची एकच एक यादी नाही. पावट्याचे दाणे, घेवडा, ओल्या हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वांगी, गाजर, बोरे, उसाचे करवे, शेंगदाणे, वर तिळाचे कूट. नेमके प्रमाण कोणी सांगत नाही आणि विचारतही नाही. त्या आठवड्यात शिवारात जे ओले आहे ते त्यात जाते. म्हणूनच या भाजीचा इतिहास पाकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी शिवारातच जायला हवे.

वेल्ह्याच्या शिवाराचा क्रम असा. दिवाळीच्या आगेमागे भात कापला जातो. खाचरातले पाणी आटते, पण माती अजून ओली असते. त्या ओलीवरच, कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्याशिवाय, हरभरा, पावटा, मसूर, वाटाणा टाकला जातो. थंडीचे दव आणि जमिनीतली शिल्लक ओल यांवर तो वाढतो आणि जानेवारीच्या मध्यावर शेंगा भरतात. म्हणजे भोगी येते ती भाताच्या कोठ्या भरलेल्या आणि दुसरे पीक अजून हिरवे असताना. मावळातल्या शेतकऱ्याच्या वर्षात इतका निवांत आणि इतका भरलेला दुसरा आठवडा नाही. पुढे फाल्गुनापासून राब भाजायची, लाकूडफाट्याची, पाण्याची ओढाताण सुरू होते. भोगी पौषातच का शोभते, हे पंचांगापेक्षा या खाचरात जास्त लवकर कळते.

म्हणजे भाजी इथलीच. तिळाचेही तसेच. वरकस जमिनीवर तीळ आणि कारळे पेरायची रीत सह्याद्रीच्या या पट्ट्यात जुनी आहे. भाद्रपद-आश्विनात कारळ्याच्या पिवळ्या फुलांनी उतार झाकून जातात, ते याच भागातले दृश्य. तीळ हे तर भारतातच माणसाळवलेले पीक आहे. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळाले आहेत. बाजरी मात्र परदेशातून आली. ती मूळची आफ्रिकेची, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोहोचलेली आणि कमी पावसाच्या मुलखात रुजलेली. शेंगदाणा तर दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज आल्यानंतरचा. हरभरा पश्चिम आशियातला. म्हणजे 'परंपरेने चालत आलेली' म्हणून जी भाजी-भाकरी मांडली जाते, तिच्यात चार हजार वर्षांपूर्वीचा पाहुणा आणि अवघ्या काही शतकांपूर्वीचा पाहुणा शेजारी बसलेले असतात. परंपरेने त्या दोघांनाही सामावून घेतले. रूढीला ताठर समजणाऱ्यांनी हे ताट जरूर पाहावे.

बाजरी वेल्ह्यात आली ती पूर्वेकडून. पुणे जिल्हा हा पावसाच्या दृष्टीने एकच मुलूख नाही. पश्चिमेला वेल्हे, मुळशी, मावळ हे पाण्याने भिजलेले तालुके, तर पूर्वेला बारामती, इंदापूर, दौंड, जिथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुरंदर मधला. तांदूळ पश्चिमेचा, बाजरी-ज्वारी पूर्वेची, आणि दोहोंची गाठ बाजारात. तोरणा-राजगडाच्या खोऱ्यांतून बाहेर पडणारी वाट मार्गासनी, आंबवणे करत नसरापूरला उतरते आणि चेलाडी फाट्यावर पुणे-सातारा रस्त्याला मिळते. डोंगरातला तांदूळ याच वाटेने खाली गेला आणि देशावरची बाजरी, गूळ, कापड याच वाटेने वर आले. पश्चिमेच्या अंगाला केळदच्या पुढे मढे घाट, उपांड्या घाट कोकणात उतरतात. सिंहगडावर १६७० मध्ये पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह ज्या वाटेने उमरठ्याला नेला असे सांगतात, तीच ही मढे घाटाची वाट. तिथून मीठ आणि सुकी मासळी वर यायची. वेल्हे हे अशा दोन उतारांच्या मधले गाव आहे. त्याच्या भोगीच्या ताटात देश आणि कोकण भेटले तर नवल नाही. कोकणातल्या अनेक घरांत भोगीला तांदळाचीच भाकरी असते. घाट चढून वर आले की बाजरी लागते. घाटमाथ्याच्या गावांत कोणाकडे कोणती भाकरी होते, यावरून त्या घराची सोयरीक कोणत्या बाजूची, याचा अंदाज बांधता येतो.

उसाची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती दुखरी आहे.

भोगीला खेंगटात उसाचे करवे पडतात आणि दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या सुगडात उसाची कांडी लागते. वेल्हे-भोरच्या डोंगरात ऊस नावापुरता. तो येतो बारामती, फलटण, माळशिरसच्या बाजूने, नीरेच्या कालव्यांवरून. आणि नीरेच्या कालव्यांत पाणी कुठले? भोरच्या वेळवंडी नदीचे. भाटघरला इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण बांधले, त्याच्या जलाशयाला लेक व्हायटिंग म्हणत. पुढे १९२८ च्या सुमारास त्याहून मोठे लॉइड धरण उभे राहिले आणि जुने धरण त्याच्या पोटात गेले. वेळवंड खोऱ्यातली भाताची खाचरे पाण्याखाली गेली, तेव्हा खाली दुष्काळी मुलखात मळे फुलले. आजही मे महिन्यात पाणी उतरले की कांबरे गावचे जुने शिवमंदिर जलाशयातून वर येते आणि पावसाबरोबर पुन्हा बुडते. पुढे आंबी नदीवर पानशेत झाले. ते १२ जुलै १९६१ ला फुटले आणि पुणे वाहून गेले, हे सगळ्यांना आठवते. ते बांधताना त्या खोऱ्यातली गावे उठली, हे फार थोड्यांना. आता गुंजवणी नदीचे पाणी पुरंदरच्या बाजूला नेण्याची योजना आहे. पुरंदर म्हणजे बाजरीचा मुलूख.

म्हणजे भोगीच्या दिवशी वेल्ह्यातली बाई बाजारातून दोन कांड्या ऊस विकत आणते, तेव्हा ती आपल्याच शेजारच्या खोऱ्याचे पाणी पैसे मोजून घरी परत आणत असते. हे कुणी तिला सांगितलेले नसते. पण सणाच्या ताटाचा इतिहास लिहायचा तर हे टाळून चालणार नाही.

आता सुगडे. 'सुगड' म्हणजे सुघट, चांगला घट. मुठीत मावेल एवढे मातीचे बोळके, काळे किंवा तांबडे. भोगीच्या दिवशी ती विकत आणायची, धुऊन-पुसून हळदकुंकवाची बोटे ओढायची आणि संक्रांतीला त्यात हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरे, गाजराचे तुकडे, ऊस, तीळ भरून पूजा करायची, मग ववसायला निघायचे. आज ती बाजारात पाचाच्या संचाने मिळतात. गावगाडा चालू होता तेव्हा ती विकत घ्यावी लागत नसत. कुंभार हा बलुतेदार. वर्षभराची मडकी, घागरी, रांजण आणि संक्रांतीची सुगडे त्याने पुरवायची, सुगीला खळ्यावर त्याला त्याचे धान्य मिळायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' लिहिले, तेव्हा ही व्यवस्था खिळखिळी झाली होती, तरी तिचे सांधे अजून दिसत होते. कोणत्या सणाला कोणी काय आणून द्यायचे आणि त्याबद्दल त्याला काय मिळायचे, हे गावात प्रत्येकाला पाठ असे. मावळातल्या वतनदारांमध्ये तर सणांच्या मानपानावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालली. गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, अशी ही देशमुखांची खोरी. होळीची पोळी पहिली कोणाची, पोळ्याला बैल पुढे कोणाचा, दसऱ्याला आपट्याचे पूजन कोणाच्या हातून, याला त्या काळी जमिनीएवढी किंमत होती. भोगीवर मात्र असे तंटे ऐकू येत नाहीत. भोगीला मिरवणूक नाही, पहिला मान नाही, चावडीवर काही नाही. हा सण चुलीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. वतनाच्या कागदांत तो शिरला नाही, म्हणून इतिहासकारांच्या नजरेतूनही निसटला. बायकांच्या हातात राहिलेल्या पुष्कळ गोष्टींचे असेच झाले आहे.

कुंभार आणि भोगी यांचे नाते सोलापुरात मात्र हजारो लोकांसमोर मांडले जाते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संक्रांतीला भरते. तिचा एकेक दिवस ठरलेला. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला अक्षता सोहळा, संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचे दारूकाम. अक्षता सोहळा म्हणजे लग्नच. सिद्धरामेश्वरांवर मन जडलेली एक कुंभारकन्या होती आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचे लग्न लावून दिले, अशी कथा आहे. उंच नंदीध्वज मिरवत संमती कट्ट्यावर येतात आणि पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांच्या गर्दीवर अक्षता पडतात. दूर दक्षिणेत, तमिळ आणि तेलुगू वैष्णवांच्या देवळांत, त्याच भोगीच्या दिवशी गोदादेवीचे, म्हणजे आंडाळचे, रंगनाथाशी लग्न लागते. मार्गळी महिन्याचे तीस दिवस तिची पदे म्हटली जातात आणि शेवट या लग्नाने होतो.

यातली गंमत अशी की भोगी हा धनुर्मासाचा शेवटचा दिवस. सूर्य धनु राशीत असतो तो सगळा महिना माणसांच्या लग्नांना वर्ज्य. लग्नमुहूर्त संक्रांतीनंतरचे. आणि देव मात्र याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी बोहल्यावर चढतात. जे माणसाला मना आहे ते देवाला चालते, असा याचा अर्थ लावता येईल. त्याहून पटणारा अर्थ असा की हा दिवस मुळात उंबरठ्याचा आहे. एका अंगाला मनाई, दुसऱ्या अंगाला मोकळीक, आणि जो उंबरठ्यावर उभा आहे त्याला दोन्हीकडचे थोडे थोडे मिळते.

धनुर्मासाला मराठीत 'धुंधुरमास' म्हणतात. या महिन्यात पहाटे, सूर्योदयाच्या वेळी, ऊन ऊन जेवायची पद्धत आहे. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत. ताट ओळखीचे वाटते का? भोगीच्या ताटातले अर्धे पदार्थ धुंधुरमासातलेच आहेत. महिनाभर जे पहाटे खाल्ले, ते शेवटच्या दिवशी भरपेट आणि सगळ्यांसोबत खायचे, असे भोगीचे रूप इथे दिसते. थंडीच्या कडाक्यात स्निग्ध आणि उष्ण अन्न लागते, हे तर वैद्याने सांगायला नको. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते.

सूर्याचे आणि या दिवसाचे नाते वेल्ह्यात डोळ्यांनी पाहता येते. तोरणा १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. हिवाळ्यात पहाटे मेंगाईच्या देवळाजवळून पूर्वेकडे पाहिले तर राजगडाच्या बाजूने दिवस उगवताना दिसतो. २२ डिसेंबरला सूर्योदय दक्षिणेच्या टोकाला असतो, मग तो परत फिरतो. भोगीपर्यंत तो क्षितिजावर सुमारे दोन अंश उत्तरेला सरकलेला असतो. पसरलेल्या हाताची करंगळी डोळ्यासमोर धरली तर ती क्षितिजाचा साधारण एक अंश झाकते, म्हणजे दोन करंगळ्यांएवढे. ज्यांच्याकडे पंचांग नव्हते, घड्याळ नव्हते, त्यांच्याकडे डोंगराची कड होती. बालेकिल्ल्याच्या कोणत्या अंगाने दिवस निघाला, एवढे पाहिले की पुरे.

मग प्रश्न पडतो, उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होते तर संक्रांत १४ जानेवारीला का? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथ डुलतो. त्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबाने धरलेली मकर रास आणि ऋतूंच्या हिशेबाने धरलेले उत्तरायण यांची फारकत होत गेली. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत होते. तेव्हापासून संक्रांत ऋतूच्या मानाने पुढे पुढे सरकते आहे, साधारण साठ-सत्तर वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. आणखी मागे गेले की तारीख आणखी आधीची येते. शिवाजी महाराजांचा मुक्काम राजगडावर असताना, म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यावर, संक्रांत आजच्या कॅलेंडरप्रमाणे ९ जानेवारीच्या आसपास पडत होती. त्या काळचे इंग्रज व्यापारी जुने ज्युलियन कॅलेंडर वापरत, त्यांच्या वहीत तो दिवस डिसेंबरच्या अखेरचा असेल. राजगडावरची भोगी म्हणजे आजच्या ८ जानेवारीच्या सुमाराची थंडी, खाचरांत तेच ओले हरभरे, उतारावर तेच वाळत आलेले गवत.

हा हिशेब एका फार मोठ्या मराठी समजुतीलाही धक्का देतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला. मराठ्यांवर संक्रांतीच्याच दिवशी 'संक्रांत कोसळली' असे शाळेपासून ऐकवले जाते. पण १७६१ साली संक्रांत १० किंवा ११ जानेवारीला पडली असणार. म्हणजे मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या छावणीत भोगी आणि संक्रांत दोन्ही त्या सकाळपूर्वी तीन-चार दिवस येऊन गेल्या होत्या. रसद तुटलेली, धान्य महागलेले, जनावरे चाऱ्यावाचून मरत असलेली, अशा छावणीत खाण्याचा सण आला आणि गेला. लढाईचा दिवस संक्रांतीचा नव्हता हे कळल्याने ते दुःख कमी होत नाही. उलट त्या उपाशी भोगीचा विचार मनात आला की ते जास्त जवळ येते.

पुण्यात तर आजही दोन भोगी आहेत. केरोपंत छत्र्यांनी १८६५ मध्ये वेध आणि गणित जुळवणाऱ्या पंचांगाचा पाया घातला, ते पटवर्धनी पंचांग म्हणून निघाले. पुढे लोकमान्य टिळकांनी हा विषय उचलून धरला. त्या परंपरेतल्या टिळक पंचांगात राशीचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरतात. त्यामुळे त्यांची संक्रांत १० जानेवारीला येते, म्हणजे भोगी ९ ला. पुणे आणि रत्नागिरीकडच्या मोजक्या घरांत ती पाळली जाते. शेजारच्या घराआधी चार दिवस तिळगूळ वाटणाऱ्या या घरांचे लहानपणी नवल वाटते. मोठेपणी कळते की त्यांच्या भिंतीवरच्या पंचांगात एक शास्त्रीय वाद जिवंत आहे. केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली, तिचे राष्ट्रीय पंचांग मार्च १९५७ पासून लागू झाले, तरी घरोघरच्या संक्रांती आपापल्या जागी राहिल्या.

संक्रांतीची आदली रात्र भारतभर कोणत्या ना कोणत्या नावाने जागी असते. पंजाबात लोहडी, आसामात माघ बिहूची उरुका, आंध्र-तेलंगणात भोगी, तमिळनाडूत पोंगलच्या आदल्या दिवशीची भोगी. यातल्या जवळजवळ सगळ्या ठिकाणी आग पेटते. आंध्रात पहाटे अंगणात 'भोगी मंटलु' पेटवून घरातले मोडके-तोडके त्यात टाकतात. महाराष्ट्रातल्या भोगीला जाळ नाही. याचे कारण मावळात तरी सरळ दिसते. इथे मोठा जाळ राखून ठेवलेला आहे तो शिमग्यासाठी. दोन महिन्यांनी होळी पेटायची, पानगळ झालेली, लाकडे वाळलेली. पौषात रान अजून ओलसर, शेतात हरभरा उभा. भोगीने आपली आग चुलीत ठेवली.

संक्रांतीच्या दिवसाबद्दल एक बोच आहे, आणि ती इथेच नोंदवली पाहिजे. संक्रांतीचे वाण, हळदकुंकू, ववसा हे सगळे सवाष्णींचे. घरातली विधवा आई, आत्या, काकू त्या दिवशी माजघरात राहते. काही घरांत 'भोगी देणे' हाही सवाष्णीचाच मान, तिला बोलावून न्हाऊ घालायचे, जेवू घालायचे. पण बहुतेक शेतकरी घरांत भोगी म्हणजे भाकरी आणि भाजी, आणि त्यावर सगळ्यांचा हक्क. म्हातारीचा, गड्याचा, लेकराचा, दारात आलेल्याचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर अनेक गावे त्या वाटेने निघाली. ज्यांना संक्रांतीचे हळदकुंकू सगळ्यांसाठी खुले करायचे आहे, त्यांनी लांब जाऊ नये. आदल्या दिवशीची पंगत तशीच आहे.

वेल्ह्याच्या नावांचेही पाहण्यासारखे आहे. संस्थानी काळात हा मुलूख भोरच्या पंतसचिवांचा. संस्थानात पाच तालुके होते, विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. प्रचंडगड म्हणजे तोरणा. चार तालुक्यांना किल्ल्यांची नावे देणारे ते संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झाले आणि 'वेल्हे' हे गावाचे नाव तालुक्याला मिळाले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचे नाव 'राजगड' करायला मान्यता दिली, म्हणजे एका अर्थी नाव पुन्हा किल्ल्यावर चढले. गावातल्या पावट्याला आणि खाचराला या बदलाने काही फरक पडलेला नाही.

गेल्या काही वर्षांत भोगीकडे सरकारचेही लक्ष गेले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष होते आणि महाराष्ट्राच्या कृषी विभागाने भोगीचा दिवस 'पौष्टिक तृणधान्य दिन' म्हणून साजरा करायचे ठरवले. शाळांत बाजरीच्या भाकरीचे महत्त्व सांगितले जाऊ लागले. चांगलेच झाले. फक्त वेल्ह्यासारख्या तालुक्यात सांगताना बाजरीबरोबर नाचणी-वरईचेही नाव घ्यावे. ती इथली तृणधान्ये आहेत, उतारावर नांगर चालत नाही तिथे कुदळीने पिकवलेली, आणि बाजरीच्या मानाने फार लवकर मागे पडत चाललेली. भोगीला तीळ लावून नाचणीची भाकरी केली तर रीत मोडत नाही. शेंगदाणा ताटात आला तेव्हाही ती मोडली नव्हती.

पुण्याच्या मंडईत आता भोगीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. सोललेला पावटा, हरभरा, गाजराचे काप, चार बोरे, उसाचे दोन करवे, सगळे एका पिशवीत. ज्यांचे घर मावळात आहे ते मात्र वाटा घेत नाहीत. भोगीच्या आदल्या दिवशी वेल्ह्याहून निघणाऱ्या एसटीत पायापाशी पिशव्या असतात. पुण्यात दिलेल्या लेकीकडे, वारज्याला किंवा धनकवडीला भाड्याने राहणाऱ्या मुलाकडे पावट्याच्या शेंगा आणि हरभऱ्याचे डहाळे चाललेले असतात. परतीच्या गाडीत त्याच पिशव्यांत गिरणीवरून दळून आणलेले बाजरीचे पीठ असते, आणि वर, फुटू नयेत म्हणून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पाच सुगडे.